पाच रुपये आणि पै-पैची पोच

ऐतिहासिक वास्तूच्या दुरुस्तीस पैसा मंजूर झाला, की आपणां सर्वांना काम झाल्यासारखे वाटते. वस्तुतः खरे काम तेथून सुरू व्हावयाचे असते. रायगडावरील शिवसमाधीचा इतिहास या दृष्टीने आम्हांस फार बोधप्रद वाटतो.

१८८३ साली जेम्स डग्लस या लेखकाने मुंबईविषयीच्या आपल्या ग्रंथात समाधीच्या हेळसांडीबद्दल खंत व्यक्त केली. पुढे सरकारने देखभालीसाठी रक्कम मंजूर केली, ती दरसाल रुपये पाच! एवढ्यात वाढलेले गवत काढण्यापलीकडे काय होणार?

१८९५ साली लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून जीर्णोद्धाराचा प्रश्न हाती घेतला. ३० मे रोजी पुण्यास हिराबागेत सभा भरली. लोकांनी फंडास पैसे पाठविले, आणि देणगीदारांची नावे रकमांसह 'केसरी'त छापून येऊ लागली. लहान देणगीचीही पोच चारचौघांत मिळे. त्यामुळे काही आणे देणारा मनुष्यसुद्धा फंडाचा धनी झाला, आणि हिशेब विचारण्याचा हक्क त्यास आपोआप आला.

तरीही जीर्णोद्धार पुरा होण्यास १९२६ साल उजाडावे लागले. टिळक १९२० सालीच निवर्तले होते. पैसे किती जमले, हा हिशेबाचा अर्धा भाग झाला. काम किती आणि कसे उभे राहिले, हा उरलेला अर्धा.

या दुसऱ्या भागासाठी सरकारी कामांत मोजमाप-वही असते. काम लांबी, रुंदी, उंचीने तीत नोंदवून मगच बिल निघावयाचे. परंतु जुन्या वास्तूला तेवढे पुरत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले, तर मोजमाप चोख उतरते. ओल मात्र आत कोंडते आणि काही पावसाळ्यांनी दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा कोणता माल, कोणाच्या सल्ल्याने वापरला, हेही हिशेबात आले पाहिजे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने अंदाजपत्रके, नियोजित खर्च व दिलेल्या रकमांचे अहवाल आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारी कार्यालयांवर घातले आहे. पण कागद वाचणारे डोळे गावानेच पुरवावयाचे असतात. आपल्या गावच्या वेशीवर वा वाड्यावर सार्वजनिक पैसा खर्ची पडेल, तेव्हा चौघांनी मिळून तो हिशेब पाहावा. घरधनी गवंड्यापाशी उभा राहतो, तो त्याला चोर समजून नव्हे. घर आपले आहे म्हणून.