अंगवळणीं पडलेला धर्म

धर्माचीं तत्त्वें बुद्धीला पटणें निराळें आणि तीं हाडींमासीं खिळणें निराळें. पटलेलें तत्त्व रोजच्या वागण्यांत उतरावें कसें, हा प्रश्न सर्वच धर्मांना पडत आला आहे. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत त्याचें एक अत्यंत व्यवहार्य उत्तर सहाव्या शतकांत इटलींतील संत बेनेडिक्ट यांनीं दिलें.

त्यांचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास नुर्सिया येथें झाला. रोमचें पश्चिम साम्राज्य नुकतेंच लयाला गेलें होतें. शिक्षणासाठीं रोमला गेलेला हा तरुण तेथील स्वैराचाराला विटला आणि सुबियाको येथील एका गुहेंत तीन वर्षें एकांतांत राहिला. त्यांचा लौकिक ऐकून एका मठांतील साधूंनीं त्यांना आपले प्रमुख केलें. परंतु त्यांची कडक शिस्त न सोसून त्याच साधूंनीं त्यांच्या मद्यांत विष कालविलें, असें पोप पहिले ग्रेगरी यांनीं लिहिलेल्या चरित्रांत नमूद आहे. बेनेडिक्ट न रागावतां गुहेकडे परतले. वरून लादलेली शिस्त रुजत नाहीं, हा धडा या प्रसंगांत आहे.

पुढें ५२९ च्या सुमारास त्यांनीं मोंते कासिनो येथें मठ स्थापिला. त्यांच्या नियमावलींत एक प्रस्तावना व ७३ प्रकरणें आहेत. मठ ही ईश्वरसेवा शिकण्याची शाळा होय, ही तिची मूळ कल्पना. नव्या उमेदवाराला सहज प्रवेश नसे. वर्षभरांत त्याला तीन वेळां संपूर्ण नियमावली वाचून दाखवीत आणि प्रत्येक वेळीं परत जाण्याची मोकळीक ठेवीत. जें पत्करावयाचें तें समजून, स्वेच्छेनें पत्करावें, हा हेतु.

दिवसाची आंखणी मात्र कांटेकोर होती. दिवसां सात वेळां व रात्रीं एकदां प्रार्थना. आठवड्यांत १५० स्तोत्रांचें पूर्ण आवर्तन. उरलेल्या वेळांत शेतांतील श्रम आणि वाचन. मठांतील साधीं अवजारेंही वेदीवरच्या पात्रांइतक्याच आदरानें हाताळावयाचीं. झोपाळूंचीही सोय होती : रात्रींच्या प्रार्थनेंतील एक आरंभींचें स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावें, म्हणजे उशिरा येणाऱ्यास अवधि मिळेल. त्यानंतर आलेल्यालाही बाहेर ठेवूं नये. नाहीं तर तो पुन्हां झोपेल किंवा गप्पा मारीत बसेल!

नित्याच्या सवयीनें धर्म यांत्रिक होणार नाहीं काय? हा धोका बेनेडिक्ट यांनीं ओळखला होता. म्हणून तोंडचे शब्द व अंतःकरण यांचा मेळ असावा, असें त्यांनीं बजावलें. नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगून त्यांनीं शेवटीं असें प्रतिपादिलें आहे कीं, आरंभीं जें भयानें केलें जातें, तेंच पुढें सत्प्रवृत्तीच्या सवयीनें आणि ख्रिस्तप्रेमानें, जणूं उपजत असल्याप्रमाणें, विनासायास घडूं लागतें.

मोंते कासिनोचा मठ सहाव्या शतकांत लोम्बार्डांनीं लुटला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं बाँबवर्षावानें तो पुन्हां जमीनदोस्त झाला आणि पुन्हां उभारला गेला. भिंती अशा अनेकदां कोसळल्या. पण घंटेसरशीं उठून प्रार्थनेला उभें राहण्याची जी सवय त्या भिंतींत लागली, ती देशोदेशींच्या मठांतून आजही टिकून आहे.