फुलराणीची दोन मराठी

मंडळी, या शनिवारचा विषय भक्ती बर्वे. आपल्या पिढीला त्या माहीत असतात 'जाने भी दो यारो' (१९८३) मुळे. 'खबरदार'ची ती संपादिका शोभा सेन! आधी सत्याची कैवारी वाटते आणि मग कळतं, बाईंना बातमी छापायची नाहीये, त्या बातमीवर पैसे उकळायचेत. झकास काम. पण तो त्यांच्या कारकिर्दीतला एक कोपरा. खरं काम झालं रंगमंचावर, आणि तेच नेमकं आपल्या हाती लागलेलं नाही.

जन्म १९४८ चा, सांगलीचा. लहानपणीच सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून सुरुवात. मग आकाशवाणीवर निवेदन. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्या तिथे बातम्या देऊ लागल्या. तेव्हा चॅनेल एकच, त्यामुळे घरात टीव्ही असेल तर तोच चेहरा आणि तोच उच्चार. शुद्ध मराठी म्हणजे कशी, तर अशी.

आता गंमत बघा. १९७५ मध्ये पु. ल. देशपांड्यांचं 'ती फुलराणी' आलं, शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. प्राध्यापक अशोक जहागीरदार सतीश दुभाषी, आणि फुलं विकणारी मंजुळा साळुंखे भक्ती बर्वे. म्हणजे जिच्या तोंडची प्रमाण मराठी लोक रोज ऐकत होते, तीच बाई 'न' आणि 'ण' ची वाट लावत स्टेजवर उभी! आणि नाटकाच्या ओघात तीच मुलगी हळूहळू पुन्हा त्या बातम्यांच्या मराठीपर्यंत येते. आमच्या भाषेत सांगायचं तर एका प्रयोगात दोन भाषांमधलं पूर्ण मायग्रेशन, तेही लाइव्ह. रोलबॅकची सोय नाही :)

शॉचं नाटक लंडनला १९१४ मध्ये झालं तेव्हा एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल ४९ वर्षांच्या होत्या. भक्ती बर्वे सव्वीस-सत्तावीसच्या. मंजुळेचं ते प्रसिद्ध स्वगत, ज्यात ती एकटीच मास्तरांवर सूड उगवायचे बेत करते, ते आंतरजालावर बघायला मिळतं. जरूर बघा. राग, नक्कल, लहान पोरीचा हट्ट आणि खोल कुठेतरी अपमान, हे सगळं एका दमात येतं. आपण हसत असतो आणि मध्येच लक्षात येतं की हिला खरंच लागलंय.

मला ते का भिडतं ते सांगतो. मी जालन्याचा. पुण्यात पहिल्या नोकरीत मीटिंगमध्ये तोंडातून 'मपलं' गेलं की खसखस पिकायची. वर्षभरात मी माझी भाषा इस्त्री करून घेतली. आता कामानिमित्त जालना एमआयडीसीत जातो, तिथल्या सळईच्या मिलमध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बघायला, तर काट्यावरचा माणूस मला 'सर, तुम्ही कुठले पुण्याचे का?' म्हणून विचारतो. आता मी कुणाकुणाला काय सांगू! मंजुळेचा शेवटी प्रश्न हाच असतो ना, की हे सगळं शिकून झालं, आता मी जाऊ कुठे?

भक्ती बर्वेंना मात्र दोन्हीकडे जाता येत होतं. दूरदर्शनवर त्यांनी बहिणाबाई चौधरी साकारल्या, म्हणजे पुन्हा वेगळीच बोली, खानदेशची. ब्रेख्तच्या नाटकावरून खानोलकरांनी केलेल्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मध्ये त्या होत्या. अशोक पाटोळ्यांच्या 'आई रिटायर होतेय'मध्ये तर राबून राबून थकलेली मध्यमवर्गीय आई, जी एक दिवस घरच्यांना सांगते की आजपासून मी निवृत्त. त्या आईला ना फुलराणीचा ठसका, ना निवेदिकेची ऐट. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार वगैरे ठीक आहे, असो.

पुढचं वाचायला जड जातं. पती शफी इनामदार ('ये जो है जिंदगी'वाले) १३ मार्च १९९६ ला गेले, भारत-श्रीलंका उपांत्य सामन्याच्या दिवशी. १२ जून २००० ला पु. ल. गेले. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईचा कार्यक्रम करून मुंबईला परतताना तेव्हा नव्याच असलेल्या द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ गाडीला अपघात झाला आणि भक्ती बर्वे गेल्या. वय ५२. ज्या कार्यक्रमावरून त्या परतत होत्या त्याचं नाव होतं 'पु. ल., फुलराणी आणि मी'.

मंजुळा नंतर सुकन्या कुलकर्णींनी केली, अमृता सुभाषने केली, हेमांगी कवीने केली. २०२३ मध्ये त्याच कथेवर 'फुलराणी' नावाचा चित्रपटही आला. परवा काट्यावरच्या त्या माणसाला मोबाइलवर ते जुनं स्वगत दाखवलं. शेवटपर्यंत बघितलं त्यानं, आणि मोबाइल परत देत म्हणाला, 'ही बाई इकडलीच दिसते.'