काळजातली डागणी

‘काळीज’ म्हटले की आपल्याला हृदय आठवते. पण या शब्दाचा जुना अर्थ यकृत. खाटकाकडे कलेजी मागा, यकृतच मिळेल! या काळजातली कर्करोगाची गाठ आता सुई खुपसून, उष्णतेने जाळता येते. उपनगरातला रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात येतो आणि ‘जाळणार’ हा शब्द ऐकून हबकतो. दुसरा ‘चिरफाड नाही’ एवढेच ऐकून निर्धास्त होतो. दोघांनीही थोडा इतिहास ऐकावा.

डाग देणे ही विद्या फार जुनी. सुश्रुताने अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय लिहिला. मला त्यातली मनाईची यादी जास्त मोलाची वाटते. अंगात रक्तस्राव होत असलेला, कोठा फुटलेला, दुर्बल, बालक, वृद्ध, भित्रा, अशांना डागू नये. इसवी सन १००० च्या सुमारास कॉर्डोव्हाच्या अल्-जहरावीने यकृतातला पू काढण्यासाठी तापलेली सळई वापरण्याची रीत लिहिली. पण हे काम मुरलेल्या वैद्याचेच, असेही बजावले. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याने डागतात. तिथे आग तेवढी उरली, मनाई विसरली गेली.

१८९१ मध्ये फ्रान्सच्या दार्सोनव्हालने दाखवले, की फार वेगाने दिशा बदलणारी वीज स्नायूंना झटका न देता शरीरातून जाते. ऊब मात्र निर्माण करते. १९९० मध्ये इटलीत रोस्सी आणि अमेरिकेत मॅकगॅहन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हीच वीज सुईवाटे यकृतात नेली. साठ अंशांपुढे पेशी जवळजवळ तत्क्षणी मरतात. शंभराच्या पुढे मात्र मांसाचा कोळसा होतो आणि उष्णता पुढे सरकत नाही. म्हणजे जास्त आग, कमी काम.

हा रोग बहुधा कावीळ ब, कावीळ क किंवा दारूने आधीच निबर झालेल्या यकृतात होतो. असे यकृत कापणे अनेकदा झेपत नाही, म्हणून सुई. गाठ तीन सेंटीमीटरपर्यंत असेल तर गुण चांगला येतो. शेजारी मोठी रक्तवाहिनी असली, तर वाहते रक्त उष्णता पळवते आणि कडेला रोग जिवंत राहतो.

धोके? रक्तस्राव, यकृतात पू, पित्तनलिकेला इजा, आतड्याला भोक, क्वचित सुईच्या वाटेवर रोगाचे बी सांडणे. इटलीतल्या २,३२० रुग्णांचा हिशेब २००३ मध्ये छापून आला. सहा जण दगावले, त्यांतले दोघे आतडे फुटल्यामुळे. पन्नास जणांना मोठा त्रास झाला. म्हणून आज आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात. गाठ आतड्याला टेकली असेल तर मध्ये द्रव सोडून आतडे दूर सारतात. पित्तमार्ग शस्त्रक्रियेने आतड्याला जोडलेला असेल, तर पू होण्याची भीती बरीच वाढते. ती जुनी शस्त्रक्रिया डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

जळलेली गाठ बाहेर काढत नाहीत, ती आतच राहते. महिन्याभराने स्कॅन करतात, तेव्हा कळते कड पुरती जळली की नाही.