कुंडीतला वाटाणा

या घोडबंदर रोडवर आज मालिकांची शूटिंगं चालतात, आणि इथलीच मुलं मला विचारतात, "पैसे नाहीत, फिल्म कशी करू?" जरा १९१२ साल बघा. विमा पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब फाळके लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. आता भांडवलवाल्याला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि एकेक फ्रेम घेत त्याची वाढ टिपली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. कर्ज मिळालं. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच, हेही विसरू नका. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलातले आचारी साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. गोष्ट राजाची होती, सुरुवात कुंडीतून झाली. तुमची कुंडी कोणती, तेवढं आधी शोधा.