आधी रंगमंदिर, मग राज्य

युरोपच्या पोटात दडलेल्या एका लहानशा देशाने आपल्या मराठी घरांत दोन शब्द पाठवले आहेत आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नाही. पहिला शब्द 'बाटा'. जूनमध्ये शाळा उघडली, की मुलांच्या पायांत जे काळे बूट चढतात, त्यांवरचे हे नाव मोरावियातील झ्लीन गावच्या, पिढ्यान्पिढ्या जोडे शिवणाऱ्या एका घराण्याचे आडनाव आहे. तेथल्या भावंडांनी १८९४ साली आपला कारखाना काढला. दुसरा शब्द 'रोबो'. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतात कुळाने फुकट राबायचे ते काम. कारेल चापेक या नाटककाराला आपल्या नाटकातील यंत्रमानवांसाठी नाव हवे होते. त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, 'रोबोट' हा शब्द सुचवला. म्हणजे आपली मुले ज्याला रोबो म्हणतात, तो मुळात आपला वेठबिगारच!

ते नाटक १९२१ साली प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात झाले. त्या रंगमंदिराची कथा वाचल्यापासून मला वाटू लागले आहे, की चेक देश समजून घ्यायचा तर त्याच्या राजवाड्यापाशी न जाता या नाट्यगृहाच्या दारातून आत शिरावे. मी इतिहासाची पंडित नव्हे. शाळेत मराठी शिकवणारी आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी एक बाई आहे. म्हणूनच कदाचित भाषेने उभारलेल्या या घराची मला ओढ लागली असावी.

महाराष्ट्राचे चार भाग केले, तर त्यांतल्या एकाएवढा हा देश. लोकवस्ती एक कोटीहून थोडी अधिक. एके काळी तेथे स्वतंत्र राज्य होते, आणि १३४८ साली स्थापन झालेले विद्यापीठही होते. परंतु ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर लढाई झाली. दोनएक तासांत निकाल लागला आणि बोहेमियाचे बंडखोर सरदार हॅब्सबर्ग बादशहापुढे हरले. पुढल्या वर्षी प्रागच्या चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना देहदंड झाला. जे कॅथलिक व्हायला तयार नव्हते, त्यांनी देश सोडला. त्यांत यान आमोस कोमेन्स्की नावाचा एक शिक्षक होता. मुलांना चित्रांवरून शब्द शिकवावेत, हा विचार त्याने १६५८ सालच्या आपल्या सचित्र पुस्तकात साकार केला. आज आपल्या बालवाडीत आंब्याच्या चित्राखाली 'आंबा' लिहिलेले असते, त्या रीतीच्या मूळपुरुषांत हा निर्वासित मास्तर गणला जातो. तो १६७० साली परमुलखात, अ‍ॅमस्टरडॅमला वारला.

त्यानंतर दीडशे वर्षांत चेक भाषा हळूहळू कचेरीतून गेली, विद्यालयांतून गेली, प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांतून गेली. ती उरली शेतकऱ्यांच्या, मोलकरणींच्या आणि आजीबाईंच्या तोंडी. शिकायचे, वर चढायचे, तर जर्मन हवी. योसेफ दोब्रोव्स्की या थोर पंडिताने चेक भाषेचे पहिले शास्त्रशुद्ध व्याकरण १८०९ साली सिद्ध केले, पण लिहिले जर्मनमध्ये! ही भाषा पुन्हा विद्वानांची होईल, याविषयी त्याचे त्यालाच शंका होती. मरणाऱ्या माणसाचे चित्र काढून ठेवावे, तसे ते काम होते.

त्या रोग्याला उठवून बसवले ते एका शाळामास्तराने. त्याचे नाव योसेफ युंगमान. मिल्टनचे महाकाव्य चेक भाषेत आणून त्याने दाखवून दिले, की मोलकरणीच्या भाषेत स्वर्ग आणि नरकही मावतात. मग त्याने १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा कोश प्रसिद्ध केला. जो शब्द चेकमध्ये सापडेना, तो त्याने पोलिश, रशियन अशा बहिणींकडून मागून आणला. कोश म्हणजे कपाटात ठेवायची वस्तू, असे आपण समजतो. चेक लोकांच्या बाबतीत तो घराचा पाया ठरला.

आता घर बांधायचे. राज्य नाही, सैन्य नाही. सारी सूत्रे व्हिएन्नात. मग या लोकांनी काय बांधावे? नाट्यगृह! आपल्या भाषेत हजार माणसे एकत्र बसून हसतील, रडतील, अशी जागा. गावोगाव डबे फिरले, आणि श्रीमंतांच्या थैल्यांबरोबर गरिबांचे सुटे पैसेही त्यांत पडले. १६ मे १८६८ रोजी पायाचे दगड बसले. ते दगड देशातल्या निरनिराळ्या पुण्यस्थळांहून, ज्या डोंगरावर आपला आद्य पुरुष प्रथम उभा राहिला अशी चेक लोकांची दंतकथा आहे, त्या र्‍झिप डोंगरावरूनही, मिरवत आणले होते.

व्हल्तावा नदीच्या काठचे हे मंदिर ११ जून १८८१ रोजी उघडले. पहिला प्रयोग स्मेताना या संगीतकाराच्या 'लिबुशे' या संगीतिकेचा. मौज अशी, की स्मेताना स्वतः जर्मन शाळांत वाढला आणि शुद्ध चेक लिहायला मोठेपणी शिकला. आणि दुःख असे, की तोवर तो ठार बहिरा झाला होता. आपलेच सूर त्याला ऐकू आले नाहीत.

दोन महिने झाले आणि १२ ऑगस्टला, छपरावरच्या कामात कारागिरांच्या हातून ठिणगी राहून, आग लागली. घुमट, प्रेक्षागृह, रंगमंच, सारे खाक! एखादा समाज कपाळाला हात लावून बसला असता. पण अवघ्या सत्तेचाळीस दिवसांत दहा लाख गुल्डन गोळा झाले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी तेच रंगमंदिर पुन्हा उघडले, आणि प्रयोगही तोच, 'लिबुशे'. रंगमंचाच्या कमानीवर तेथे दोनच शब्द आहेत. त्यांचा अर्थ : राष्ट्राकडून राष्ट्राला.

या दोन शब्दांतून पुढले राजकारण उलगडते. १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला तेव्हा मासारिक हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, एका गाडीवानाचा मुलगा, राष्ट्राध्यक्ष झाला. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी चेक विद्यापीठे बंद केली. त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १९८९ साली त्याच तारखेला प्रागचे विद्यार्थी जमले, तेव्हा १९४८ पासून सत्तेवर असलेल्या कम्युनिस्टांच्या पोलिसांनी त्यांना झोडपले. दुसऱ्या दिवशी कोण उभे राहिले? नट! नाटके थांबली, पडदा उघडला की प्रेक्षकांशी चर्चा सुरू. विरोधकांची आघाडीही नाट्यगृहातच स्थापन झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत तुरुंगात असलेला नाटककार वात्स्लाव हावेल २९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निवडला गेला. आपल्याला हे नवल वाटते. पण ज्यांनी राज्याच्या आधी रंगमंदिर बांधले, त्यांना त्यात नवल ते काय?

परंतु वाचकहो, दिवाळीच्या दिवसांतही ही कथा येथेच आटोपती घेणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण त्याच मातीत आणखी माणसे राहत होती. १८८२ साली ते जुने विद्यापीठ दुभंगले, एक चेक, एक जर्मन. प्रागच्या जर्मनांनीही जिद्दीने १८८८ साली आपले वेगळे नाट्यगृह उघडले. चेक रंगमंदिर पुन्हा उघडले त्याच १८८३ साली त्या शहरात एका ज्यू घरात फ्रान्झ काफ्का जन्मला. तो जर्मनमध्ये लिहिणार होता. 'राष्ट्राकडून राष्ट्राला' यात तो कोठे बसत होता?

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाने फार क्रूरपणे दिले. आधी हिटलरने १९३८ साली जर्मनांची वस्ती असलेला सरहद्दीचा मुलूख तोडला आणि पुढल्या मार्चमध्ये प्राग गिळले. काफ्का आधीच क्षयाने गेला होता. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून नाहीशा झाल्या. प्रागच्या एका सिनॅगॉगच्या भिंतींवर बोहेमिया-मोरावियातल्या सुमारे ७८,००० बळींची नावे लिहिली आहेत. ज्याने 'रोबोट' शब्द दिला, तो योसेफ चापेकही १९४५ साली छळछावणीत मेला. मग युद्ध संपताच, शतकानुशतके तेथे राहिलेल्या जर्मनांना, सुमारे तीस लाखांना, गाठोड्यांनिशी देशाबाहेर काढले गेले. त्यांत अपराधी होते, तशी शाळेत जाणारी पोरेही होती. १९९७ साली दोन्ही सरकारांनी एकमेकांना दिलेल्या दुःखाबद्दल लेखी खेद व्यक्त केला. त्याला पन्नास वर्षे जावी लागली.

माझ्या वर्गात भाषा शिकवताना मला या दोन्ही गोष्टी जवळ ठेवाव्या लागतात. आपली भाषा मोलकरणीची म्हणून कोणी हिणवले, तर युंगमान आठवावा. आणि बाकावर शेजारी बसलेल्या, घरी कानडी, गुजराती किंवा उर्दू बोलणाऱ्या पोराकडे पाहताना काफ्का आठवावा. घराला भिंती लागतात हे खरे. पण दार कोणत्या बाजूला ठेवले, हेही बांधणाऱ्यालाच पाहावे लागते.

प्रागमधली ती दोन्ही नाट्यगृहे आजही उभी आहेत. २०१२ पासून तर दोन्हींचा कारभार एकाच संस्थेकडे आहे. चुरशीने बांधलेल्या वास्तू एका छत्राखाली आल्या आहेत. तेथे दररात्री पडदा वर जातो, टाळ्या पडतात. फक्त दुसरी वास्तू ज्यांनी बांधली, त्यांची घरे आता त्या शहरात नाहीत.