कोळशाची मोटार, भुशाची शेगडी

१९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि त्याची झळ थेट कात्रजच्या घाटात पोचली. तिकडच्या येनानजाउंगच्या तेलविहिरी इंग्रजांनी माघार घेताना स्वतःच उद्ध्वस्त केल्या. पेट्रोलवर रेशन आदल्या वर्षापासूनच होतं. आता हातात कुपन असूनही पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवा, असा सरकारचा आग्रह सुरू झाला. माझे आजोबा तेव्हा पुणे-सातारा रस्त्यावरच्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते.

मोटारीच्या पाठीला माणसाएवढी लोखंडी टाकी जोडलेली असे. पहाटे तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि गॅस धरेपर्यंत हाताने पंखा फिरवत राहायचं. नळीच्या तोंडाशी काडी धरायची. ज्योत न फडफडता जळाली, की ड्रायव्हर ‘मार हँडल’ म्हणे. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवायचं, हे आजोबा नातवंडांनाही बजावून सांगत, जणू ती टाकी अजून अंगणात उभी आहे. तो गॅस विषारीच. त्यात जवळजवळ निम्मा नायट्रोजन, त्यामुळे ताकदही बेताची. चढ लागला की बायका आणि म्हातारी माणसं तेवढी आत बसायची, बाकीचे खाली उतरून मोटार ढकलायचे.

लढाई संपली, पेट्रोल आलं आणि टाक्या भंगारात गेल्या. टंचाईत शिकलेलं सगळं आपण असंच भंगारात काढत आलो, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण पुढची टंचाई आली तेव्हा आपण पुन्हा कोरेच होतो. १९७२च्या दुष्काळातून महाराष्ट्र नुकता कुठे उठत होता. १९७३च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल काही महिन्यांत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. अर्थखातं तेव्हा यशवंतराव चव्हाणांकडे होतं. सरकारने पेट्रोलवरचा कर वाढवला. त्याच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. मला मात्र तो कर योग्य वाटतो. मोटारवाल्याने जास्त मोजावं आणि गरिबाच्या चुलीला झळ कमी लागावी, हा हिशेब माणुसकीचाच होता.

तरी रॉकेलची रांग काही चुकली नाही. आई सांगते, रेशन दुकानापुढे माणसांऐवजी डबेच उभे असायचे आणि डबा नसेल त्याचा दगड. घरी भुशाची शेगडी आली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून दांडकं आत सारायचं, भोवती वखारीतला भुसा ठेचून ठेचून भरायचा. मग बाटली अलगद फिरवत वर काढायची. भुसा ढासळला की सगळं पहिल्यापासून. नीट जमली तर दोन्ही वेळचा स्वयंपाक निघे.

सरकारही हललं. फेब्रुवारी १९७४ मध्ये समुद्रात विहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ला मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल लागलं, १९७६ मध्ये ते वर येऊ लागलं. परदेशी तेल कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, गोबरगॅसला अनुदान दिलं, कमी रॉकेल पिणारा ‘नूतन’ स्टोव्ह निघाला. ही खरी तयारी होती, पण बरीचशी आग लागल्यावर केलेली.

आज आपलं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या खडकांतल्या गुहांत ५३.३ लाख टन साठवायची सोय आहे. काठोकाठ भरली तर देशाला साडेनऊ दिवस पुरेल एवढी. आईला हे सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, ‘आणि दहाव्या दिवशी?’ कंपन्यांचे स्वतःचे साठे असतात, हे मी तिला सांगितलं. पण त्यातलं आधी कुणाला मिळणार? रुग्णवाहिकेला, एसटीला, मच्छीमाराच्या होडीला, शेतातल्या डिझेल पंपाला, की ज्याच्या दारात तीन गाड्या आहेत त्याला? हा क्रम पेट्रोल मुबलक आहे तोवरच तालुक्यातालुक्यात ठरावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कुणालाही वाचता येईल असा लागावा.