भिंतीवर न बसणारे डास

तुम्ही उतरता ते १९७२च्या पावसाळ्यात, उत्तर नायजेरियातल्या गार्की भागात. पलीकडच्या गावांत हिवतापाच्या डासांसाठी घरांच्या भिंतींवर प्रोपॉक्सर हे कीटकनाशक फवारलंय. या गावात मुद्दामच नाही, तुलनेसाठी. जागतिक आरोग्य संघटनेचं पथक दाराबाहेरूनच ‘सलामु अलैकुम’ म्हणतं आणि आतून उत्तर आल्यावरच मातीच्या झोपडीत शिरतं. तुम्हीही वाका, दार ठेंगणं आहे.

जमिनीवर पांढरी चादर पसरून पायरेथ्रमचा फवारा मारतात. थोडा वेळ बाहेर थांबा. मग चादरीवर पडलेले डास चिमट्याने उचला. सगळे नकोत. पोट अर्धं लाल, अर्धं फिकट अशी मादी हवी. रक्त निम्मं पचलेलं, अंडी निम्मी भरलेली. अंडाशयातल्या पोषक पेशींची गुणसूत्रं वाचण्याजोगी जाड होतात ती याच सुमारास. अंडाशय तीन भाग अल्कोहोल, एक भाग अ‍ॅसेटिक आम्लात टाका. नाकात झणका जाईल. पुढे ऑर्सिनने रंगवून काचेखाली अंगठ्याने दाबलं, की सूक्ष्मदर्शकात आडव्या पट्ट्यांच्या फिती उलगडतात. एका फितीत मधलाच तुकडा उलटा आहे, शिंप्याने साडीचा काठ चुकून फिरवून जोडावा तसा.

ही उलटापालट वाचण्यात रोमच्या मारिओ कोलुझ्झींचा हात धरणारं कोणी नाही. घरात पकडलेल्या आणि बाहेर पकडलेल्या माद्या ते वेगवेगळ्या मोजायला लावतात. काम कंटाळवाणं, पण सगळी मेख तिथेच. दोन्हीकडचं प्रमाण जुळत नाही! कोरड्या हवेला सरावलेल्या गुणसूत्र-मांडणीच्या माद्या घरात जास्त, दुसऱ्या बाहेर. दिसायला सगळ्या सारख्याच. म्हणजे भिंतीवरचं विष सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतच नाही.

पलीकडच्या गावांत फवारणीला गोळ्यांची जोड दिली तरी हिवताप उतरतो, थांबत नाही. खापर फवारणाऱ्यांच्या आळसावर फोडणं सोपं. खोट निदान काही अंशी तरी डासांना एकजात समजण्यात होती. कोलुझ्झींचं हे निरीक्षण १९७७मध्ये ‘नेचर’मध्ये छापून येतं.

आता २०१७मध्ये या. चिमटा आहेच, अंगठ्याचं काम मात्र यंत्राकडे गेलंय. आफ्रिकेतल्या ८ देशांतून पकडलेल्या ७६५ डासांचे जीनोम पडद्यावर आहेत, आणि कीटकनाशकाला दाद न देणारी जनुकं एका देशातून दुसऱ्या देशात, एका जातीतून तिच्या भावंड-जातीत शिरलेली दिसताहेत. त्यातल्या एका जातीचं नाव आता अ‍ॅनॉफिलीस कोलुझ्झी.